लाल रेघेच्या अलीकडे

मित्रांनो, माझ्या अंगावरचे ठिपके पाहून मला खेळण्यातली वस्तू समजू नका. पिस्ता, आकाशी, शेंदरी, दवाखान्याच्या भिंतीचा फिकट हिरवा, शाळेच्या फाटकाचा काळा, असे कितीतरी रंग माझ्यावर सांडलेले आहेत. पण त्यांतला एकही कुणी हौसेने लावलेला नाही. मी एका रंगाऱ्याचे जुने लाकडी स्टूल आहे. ही कहाणी थोडी माझी आणि बरीचशी त्याच्या लहान मुलीची आहे. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. चालणे तिला ठाऊकच नव्हते. ती एक तर पळे, नाहीतर गरगर फिरे.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी दाराची चौकट करून झाल्यावर चांगले घट्ट लाकूड उरले होते. "याचं जळण करायचं म्हणजे पाप आहे," असे म्हणून सुताराने मला चार पाय दिले, पायांना खालून आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि वर जाड फळी बसवली. मग त्याने आपल्या मेहुण्याला हाक मारली. मेहुणा अंगापिंडाने चांगलाच भरलेला होता. सुताराने त्याला माझ्यावर चढवले आणि सांगितले, "आता मार उडी." मेहुण्याने उडी मारली. मी कुरकुरलेसुद्धा नाही. "मेहुण्याला पेललं, आता कुणालाही पेलेल!" सुतार खूश होऊन म्हणाला. मेहुणा मात्र चहा न घेताच निघून गेला. माझी परीक्षा ही अशी झाली.

एका तरुण रंगाऱ्याने मला तिथेच पसंत केले आणि तो माझा मालक झाला. त्याच्याबरोबर मी पुष्कळ घरे पाहिली, पण पाहिली ती रिकामी. रंगारी यायचा म्हटला की माणसे सामान खोलीच्या मधोमध रचतात, त्यावर जुनी चादर टाकतात आणि पोराबाळांना घेऊन कुठेतरी राहायला जातात. मागे उरतात भिंती, रंगारी आणि मी. माझ्या मालकाला ती शांतता फार आवडे. तो आधी भिंत खरवडे, भेगांत लांबीचा लगदा भरे, तो वाळला की पॉलिशपेपरने भिंत घासून सपाट करी आणि मग रंगाचा पहिला हात देई. त्यानंतर तो थांबे. त्याच्यासारखे थांबणे मी दुसऱ्या कुणात पाहिले नाही. घाईचे रंगारी पहिला हात ओला असतानाच दुसरा चढवत आणि वर्षभरात त्यांच्या भिंतींचे पापुद्रे सुटत. माझा मालक माझ्यावर बसून राही. मधूनच बोटाची मागची बाजू भिंतीला हळूच लावून पाही आणि म्हणे, "अजून नाही." घरमालकाने घाई केली, तर तो हसून सांगे, "साहेब, दटावल्याने रंग वाळत नाही."

संध्याकाळी तो टर्पेंटाइनच्या फडक्याने मला पुसायचा. चार माणसांत म्हणायचा, "माझं अर्धं काम हे स्टूल करतं." तेव्हा मला माझ्या चारही पायांचा अभिमान वाटे.

मग एक दिवस तो पडला. माझ्यावरून नव्हे, शिडीवरून. हे मी मुद्दाम सांगते, कारण असल्या वेळी नाव नेहमी स्टुलाचेच खराब होते. त्याच्या गुडघ्याला जबर मार बसला. डॉक्टरांनी बजावले, "शिडी आणि उंच जागा आता काही महिने विसरायच्या." माझी रवानगी घराच्या गॅलरीत, रिकाम्या डब्यांच्या मागे झाली. माझ्या पट्ट्यांमध्ये कोळ्याने जाळे विणले. ज्याला कालपर्यंत उजवा हात म्हणत होते, त्याला आज कुणी विचारीनासे झाले. पण घरावरच वेळ आली होती. मी रुसून कुणाला सांगणार?

आतापर्यंत भिंगरीची आई घरी असे. आता तिने कोपऱ्यावरच्या बेकरीत काम धरले. पहाटे जायचे, दुपारी जेवायला परत यायचे. पहिल्या दिवशी निघताना तिने विचारले, "अहो, मी बाहेरचं बघते, तुम्ही घरचं बघा. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मालक म्हणाला. "मोठमोठ्या इमारती रंगवल्या मी. दोन खोल्या आणि एवढीशी पोर, त्यात काय!"

"बरं," आई म्हणाली. तिच्या त्या 'बरं'मध्ये पुष्कळ काही होते.

मालकाने त्या सकाळी घर कसे आवरले, ऐका. त्याने सगळे सामान खोलीच्या मधोमध आणले. त्यावर चादर टाकली. मग खिडकीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत दारापर्यंत फरशी पुसत आणली, म्हणजे पुसलेल्यावर पाय पडायला नको. रंगारी लोक जमीन रंगवतात तसेच. शेवटी तो दारात उभा राहिला आणि फरशी वाळण्याची वाट पाहू लागला. भिंगरी त्याच्याजवळ उभी होती.

"बाबा, मला शू आलीय."

"ओलं आहे सगळं. जरा थांब."

"बाबा, शू थांबत नाही."

फरशी दुसऱ्यांदा पुसावी लागली.

त्याला जास्त वेळ उभे राहवत नसे, म्हणून दोनचार दिवसांनी त्याने मला झटकून स्वयंपाकघरात आणले. बसून भांडी घासायची, बसून भाजी चिरायची, असा त्याचा बेत होता. पण तो उठला रे उठला की भिंगरी माझ्यावर चढे. "मी करते!" हे तिचे पालुपद होते. ती एक चमचा घ्यायची आणि साबणाचा डोंगर होईपर्यंत धुवायची. बाबांचा सदरा घडी घालायला घेतला की त्याचा गोळा करून कपाटात कोंबायची. झाडायला लागली की कचरा एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नीट मांडून ठेवायची. आणि माझ्यावर बसली की टाचांनी माझ्या पट्ट्यांवर ढोल वाजवायची. तीन वर्षांच्या मुलीच्या टाचा त्या! पण मला तो ढोल आवडे. गॅलरीतल्या कोळ्याच्या सोबतीपेक्षा तो कितीतरी बरा.

आई घरी असताना हेच चालत आले होते. एक हात कामात, एक हात मुलीजवळ. दोन्हींत थोडे थोडे कमी पडायचे, आणि ते ती चालवून घ्यायची. मालकाला मात्र अर्धवट काम पाहवत नसे. रिकाम्या घरांत कामाची सवय झालेला माणूस तो. पहिल्या आठवड्यात तो म्हणायचा, "शहाणी ना माझी? मग जरा तिकडे खेळ." पुढे नुसते "तिकडे!" राहिले. त्याच्या पुढे पुढे तर तो दात आवळून नाकाने श्वास सोडायचा. भिंतीपाशी तासन् तास थांबणारा हाच का माणूस, असा मला प्रश्न पडे.

मग ती सकाळ आली. मालक गॅलरीत कपडे वाळत घालत होता. आत गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होते. भिंगरीच्या मनात आले, बाबांना मदत करावी. तिने मला नळापासून ओढत ओढत गॅसपाशी नेले. मित्रांनो, मी लाकूड. मला ओरडता येत नाही. ती चढली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिने पातेल्याकडे हात नेला.

त्याच क्षणी मालकाने वळून पाहिले. दुखरा गुडघा विसरून तो धावत आला आणि त्याने तिला कमरेला धरून मागे ओढले. धक्क्याने पातेले कलंडले. पाणी ओट्यावर, जमिनीवर आणि थोडे त्याच्या पावलावर सांडले. भिंगरीवर थेंबही पडला नाही. तो तिला घट्ट धरून खालीच बसला. त्याची पाठ माझ्या पायाला टेकली होती आणि त्याचे काळीज कसे धडधडत होते, ते मला कळत होते.  मग भीती ओसरली आणि तिच्या जागी राग आला.

"कुणी सांगितलं होतं तुला चढायला? एक काम सुखाने करू देत नाहीस! नुसता उच्छाद मांडलाय घरभर! तुझ्यामुळे सगळं काम बिघडतं माझं. यापुढे कामात लुडबुड केलीस तर बघ!"

भिंगरी रडली नाही. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. बाबांच्या तोंडातून दुसराच कुणी बोलत असावा, असे तिचे डोळे झाले होते.

कुणी दुसरा असता तर त्याने स्वयंपाकघराला फळ्यांचे छोटे दार लावले असते किंवा मुलीला शेजारी पाठवले असते. माझ्या मालकाला एकच गोष्ट येत होती. त्याच सकाळी भिंगरीचा डोळा लागल्यावर त्याने खडूची भुकटी लावलेली दोरी स्वयंपाकघराच्या मधोमध ताणून धरली आणि टणकन सोडली. जमिनीवर सरळ खूण उमटली. खुणेच्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्याने मधे लाल ऑइलपेंटचा पहिला हात दिला. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. काम असे नेटके झाले की पट्टी काढल्यावर कुठे केसाएवढे ओघळलेले नव्हते. मग त्याने मला रेघेच्या अलीकडे ठेवले, भिंगरीला माझ्यावर बसवले आणि सांगितले, "हिच्या अलीकडे भिंगरी, पलीकडे बाबा. रेघ ओलांडायची नाही. कळलं?"

भिंगरीने मान हलवली.

पहिला हात दिला त्या दुपारीच आईने घरी येऊन विचारले होते, "हे काय?"

"सीमा."

"घरात?"

"पोर भाजली असती आज," मालक म्हणाला. आई आणखी काही बोलणार होती, पण त्याच्या पावलावरचे फोड पाहून गप्प झाली. भीती तिलाही वाटली होती.

त्यानंतर घर कसे घड्याळासारखे चालू लागले. आई परत येण्याआधी भांडी लख्ख, कपडे घडीत, जेवण झाकून तयार. वरच्या मजल्यावरच्या मावशी विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई, पोर आहे की बाहुली! आमच्याकडची माकडं पाठवू का चार दिवस? त्यांच्यासाठी पण मारा एखादी रेघ!" मालक हसला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या कामाची कुणी तारीफ केली होती.

पण माझ्यावर कोण बसत होते, ते मला ठाऊक होते. तिच्या टाचा आता हलत नव्हत्या. हात मांडीवर ठेवून ती बसून राहायची. आणि प्रत्येक गोष्ट विचारायची.

"बाबा, मी उतरू?"

"उतर."

"बाबा, मी पाणी पिऊ?"

"पी की."

एकदा तर तिचे नाक वळवळले, डोळे मिटले आणि तशातही ती कशीबशी म्हणाली, "बाबा, मी शिंकू?"

मालक घासत असलेल्या भांड्यावरून नजर न काढता म्हणाला, "हं." त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. मला वाटले. सुताराचा मेहुणा मी सहज पेलला होता. या गप्प मुलीचे ओझे मला पेलवेना.

आईच्या सुट्टीचा दिवस उजाडला. तिने ओट्यापाशी धुतलेल्या चमच्यांचा ढीग घातला आणि पूर्वीसारखी हाक मारली, "भिंगरे, ये गं, चमचे पुसू!"

भिंगरी आली. रेघेपाशी थांबली. अंगठे बरोबर रेघेच्या अलीकडे.

"ये ना. मी आहे की."

"नको. मी तिकडे आले की काम बिघडतं."

आईच्या हातातला चमचा हातातच राहिला. मालक दारात उभा होता. त्यानेही ऐकले.  मग आई हळू आवाजात म्हणाली, "ऐकलंत?"

"तिला भाजू नये म्हणून केलं मी," मालक म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर मीही गप्प बसले. पण अहो, ती काल अंथरुणात मला विचारत होती, आई मी कूस बदलू का? मला वाटलं, झोपेत बडबडतेय."

मालकाचा चेहरा पडला. त्याच पावली तो गॅलरीत गेला, टर्पेंटाइन आणि खरवडायची लोखंडी पट्टी घेऊन आला आणि गुडघा तसाच लांब टाकून रेघ काढायला बसला. पण रंग त्याने स्वतः लावला होता. तो सहजासहजी कसा निघेल? त्याने जोराने खरवडायला घेतले तशी भिंगरी धावत आली आणि आक्रोश करून रडू लागली. "बाबा, पुसू नका! मग मला कळणार नाही कुठे थांबायचं!"

मालकाचा हात थांबला. आपले काम पक्के बसले याचे वाईट वाटलेले मी त्याच्या तोंडावर प्रथमच पाहिले.

"आता काय करू?" त्याने बायकोला विचारले. "मीच सांगतो तिला, ये म्हणून."

"सांगा. पण तुमच्या सांगण्यावरून थांबली, तुमच्या सांगण्यावरून आली, त्यात तिचं काय?"

"मग?"

"मला काय विचारता? भिंतीपाशी कुठवर थांबायचं ते मला कुठे कळतं? ते तुम्हाला कळतं." एवढे बोलून ती चमचे पुसू लागली.

मालक कितीतरी वेळ माझ्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने कामाची सगळी रीतच बदलली. आधी सुताराकडून एक फळी आणून गॅसच्या बाजूला उभी ठोकली, म्हणजे मला कितीही ओढले तरी मी गॅसपाशी पोहोचू नये. पातेली मागच्या शेगडीवर, तव्याचा दांडा भिंतीकडे. धोका तेवढ्याच जागेत होता. त्याने सगळ्या स्वयंपाकघरालाच धोका ठरवले होते, एवढेच त्याचे चुकले होते. मग मटारची टोपली आणि पातेले घेऊन तो रेघ ओलांडून अलीकडे आला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसून शेंगा सोलू लागला. भिंगरीला तो काहीच बोलला नाही.

ती पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी घेऊ?"

"घे."

तिने एक शेंग घेतली. ती उघडायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याची अर्धी टोपली झाली असती. पण त्यानेही हातातली शेंग हळूच उघडली. भिंगरीचे दाणे उडाले, माझ्याखाली गेले. पूर्वीसारखे त्याचे दात आवळले गेले, ते मी पाहिले. मग ते सुटले, तेही पाहिले.

असे रोज. कधी कपड्यांचा ढीग अलीकडे आणायचा, कधी पुसायची भांडी. काम निम्मे व्हायचे. आई दुपारी आली की खुर्चीवर कपडे तसेच पडलेले, बादली रिकामी, भाजी अजून शिजायची. ती भुवया उंचावून विचारायची, "काय?"

"पहिला हात दिलाय," मालक हळूच सांगायचा. "वाळू दे."

मित्रांनो, ते दिवस मला फार जड गेले. भिंगरी आता थोडी बोलू लागली होती. सदऱ्याचे गोळे पुन्हा होऊ लागले होते. पण रेघेपाशी आली की तिचे अंगठे थांबत. चेंडू पलीकडे गेला तर तो पलीकडेच राहू द्यायची. ही मुलगी आता अशीच राहणार की काय, आपल्याच घरात पाहुण्यासारखी, अशी धास्ती मला वाटे. मालकालाही वाटत असणार. तो बोलत नसे, पण शेंगा सोलता सोलता त्याचे लक्ष शेंगांवर नसे.

एके दिवशी दोघे असेच मटार सोलत बसले होते. मालकाने पलीकडे नळाखाली बादली लावून ठेवली होती. भिंगरीच्या शेंगेतून एक दाणा टुणकन उडाला, जमिनीवर आपटला आणि घरंगळत घरंगळत रेघ ओलांडून गेला. पलीकडे हातभर अंतरावर तो थांबला.

"बाबा, मटार गेला."

"गेला का?"

"तिकडे गेला."

"अच्छा," मालक म्हणाला. पुढे काही बोलला नाही. त्याला उठून दाणा आणता आला असता. 'जा, आण,' म्हणता आले असते. त्याने दोन्ही केले नाही.

भिंगरी माझ्यावरून उतरली. रेघेपाशी गेली. अंगठे थांबले. तिने मागे वळून पाहिले. मालक शेंगेत डोके घालून बसला होता. तीच शेंग तो केव्हापासून सोलत होता.

इकडे बादली भरली. आधी पाण्याचा आवाज बदलला, मग काठावरून धार लागली. सकाळी पुसलेल्या फरशीवरून पाणी पसरू लागले. तुम्हाला सांगते, मालकाला पाणी वाया गेलेले मुळीच खपत नसे, आणि पुसलेली फरशी ओली झालेली तर त्याहून नाही. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. एक हात जमिनीला टेकला, उठण्यासाठी. पण भिंगरीचे एक पाऊल वर उचललेले त्याला दिसले आणि तो हात तसाच राहिला. उठला असता तर ती दचकून मागे आली असती. पाणी वाहत होते. तो बसून होता.

ते पाऊल किती वेळ हवेत होते कोण जाणे! आणि मग ते खाली आले. पलीकडे.

काही झाले नाही. कुणी ओरडले नाही. दुसरे पाऊलही गेले. तिने वाकून दाणा उचलला, तेवढ्यात तिच्या तळव्यांना पाणी लागले. तिने मान वळवली आणि गेल्या कित्येक दिवसांत कुणी ऐकला नव्हता एवढा मोठा आवाज काढला.

"बाबा! नळ! अहो, उठा ना! सगळं घर वाहून चाललं!"

बोलणे थेट आईचे. 'अहो'सकट. मालक उठला, घसरला, माझा आधार धरून पुन्हा उठला. त्याला हसू आवरेना आणि डोळ्यांतले पाणीही आवरेना. नळ भिंगरीनेच बंद केला, पण आधी तो उलटा फिरवून आणखी सोडला आणि दोघांना भिजवले. मग तिने मला पकडले. खर्रर्र आवाज करत तिने मला रेघेवरून ओढत पलीकडे नेले. ऑइलपेंटवर माझ्या पायांचे चार ओरखडे उठले. आयुष्यात मी कुणाच्या कामावर ओरखडा काढला नव्हता. तो काढताना मला जो आनंद झाला, तो काय सांगू!

"मटार धुवायचे," तिने जाहीर केले.

"गॅसपाशी नाही हं," मालक म्हणाला.

"माहितीय. गॅस भाजतो. नळ नाही भाजत. एवढं पण कळत नाही तुम्हाला?"

ती माझ्यावर चढली. मालक तिच्या मागे उभा राहिला. मटार धुताना निम्मे गेले मोरीत. चमचे आधीच धुतलेले होते, ते तिने पुन्हा धुतले. मालकाने फडके टाकले, ते पाणी टिपण्याऐवजी होडी झाले. दोघांनी त्या होडीला फुंकर मारली. जेवणाचा पत्ता नव्हता.

आई जिना चढत होती. भिंगरीचा आरडाओरडा तिला खालूनच ऐकू आला असावा, कारण तिची पावले आधी झपझप आली आणि मग दाराबाहेर एकदम थांबली. थोड्या वेळाने दार उघडले. समोर तळे. तळ्यात नवरा, ढोपरापर्यंत भिजलेला. स्टुलावर मुलगी, केसांतून पाणी गळणारी, रेघेच्या पलीकडे. आईने बेकरीची पिशवी हळूच दारात ठेवली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"काय हा गोंधळ!" ती म्हणाली. हे वाक्य इतक्या समाधानाने म्हटलेले मी ना आधी ऐकले, ना नंतर. त्या दिवशी सगळ्यांनी जेवणाऐवजी पावच खाल्ला, तोही भिजलेला.

पुढे मालकाचा गुडघा बरा झाला. तो पुन्हा कामावर जाऊ लागला, पण आता आठवड्यातले काही दिवसच. बाकीचे दिवस तो घर सांभाळतो आणि फरशी कुठूनही कशीही पुसतो. त्याने कामासाठी ॲल्युमिनियमचे हलके स्टूल घेतले. मी नळापाशीच राहिले. भिंगरी आता माझ्याशिवाय नळाला पोहोचते. मागच्या महिन्यात मला पुन्हा गॅलरीत ठेवले आहे. ऊन लागते, माझी एक पट्टी सैल झाली आहे, पण मनात खंत नाही. भिंगरी पाहुण्यासारखी राहील, अशी तेव्हा जी भीती वाटली होती, ती खरी ठरली नाही, यातच मला सगळे मिळाले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने स्टूल असेल, तर ते ओल्यात ठेवू नका. त्याच्या पट्ट्या अधूनमधून घट्ट करून घ्या. घाईच्या वेळी मोठी माणसे तुमच्यावर ओरडली, तर ते सगळेच तुमच्यामुळे असते असे समजू नका. कित्येकदा ती घाबरलेली असतात आणि दमलेली असतात. आणि तुमच्याबरोबर ही गोष्ट कुणी मोठे वाचत असेल, तर त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. काम राहिले तर ते उद्या करता येते, आणि सांडलेले फडक्याने टिपता येते. उकळत्या पातेल्यापासून मुलाला जरूर दूर ठेवा. पण नळापाशी ते स्टुलावर चढले, तर त्याला खाली ओढू नका. मागे उभे राहा. हात लावायचीही गरज नाही. नुसते मागे उभे राहा.